एक्केचाळीस नंबरच्या शीटवरची टेकडी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, मी मेथी निवडत बसलो असताना, अरबी समुद्राच्या तळावरची माझी एक टेकडी नाहीशी झाली. तसं मला फोनवर कळवण्यात आलं. कळवणारी मुलगी सभ्य होती. "सर, मी नीरजा. ऑफिसमधून. म्हणजे तुमच्या जुन्या ऑफिसमधून," ती म्हणाली. "एक छोटीशी क्वेरी होती. एक्केचाळीस नंबरच्या शीटवर तुम्ही एक टेकडी काढली आहे ना, ती तिथे नाहीये." मी हातातल्या काडीची पानं खुडली आणि विचारलं, "कधीपासून?" सेवानिवृत्त माणसाला असेच प्रश्न सुचतात. ती म्हणाली, "सर, बहुतेक कधीच नव्हती."

नव्या जहाजाने नव्या यंत्राने त्या भागाचा तळ इंच इंच मोजला होता, आणि तो सपाट निघाला होता. पोळपाटासारखा. मी ती टेकडी कशाच्या आधारावर काढली होती, एवढंच तिला हवं होतं. कारण लिहायला एक रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. शनिवारी ती आमच्याच बाजूला, इंदिरापुरमला, मावशीकडे येणार होती. "चलेगा ना सर? पाच मिनिटांचं काम आहे. तुमची एक साइन, बस." मी हो म्हणालो. फोन ठेवला तेव्हा टाकायच्या ढिगात मी पानं टाकली होती आणि काड्या नीट जुळवून ताटात ठेवल्या होत्या.

"कोण होतं?" बाल्कनीतून कुमुदिनीने विचारलं. ती कठड्यावरची धूळ पुसत होती. ही धूळ ती रोज पुसते आणि ती रोज येते; दोघींपैकी कोणीच माघार घेत नाही.

"ऑफिस. हयातीचा दाखला मागतायत."

"मग द्या की. आहात तर."

नोव्हेंबर चालू असल्यामुळे हे खोटं पचलं. दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचं सरकारला लेखी कळवतो आणि सरकार विश्वास ठेवतं. माझं नावही विश्वासच आहे, त्याचा ह्यात काही हात नसावा. पण कुमुदशी खोटं बोलून झाल्यावर मला पायाखालची फरशी किंचित सरकल्यासारखी वाटली. भरतीच्या पाण्यात उभं राहिलं की ओसरताना पाणी टाचेखालची वाळू ओढून नेतं म्हणतात, तशी. म्हणतात असं लिहितो, कारण मी समुद्रात कधी उभा राहिलेलो नाही.

गाझियाबादला आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. ह्या दिवसांत खाली काही दिसत नाही. सकाळी धुरकं साचतं आणि समोरच्या इमारती कमरेपर्यंत बुडतात. त्यांना पाय नसतात. त्या तशाच उभ्या असतात आणि मला कुमुदचा धडा आठवतो: लाटा कड्याचा पायथा पोखरतात, तिथे गुहा होते, गुहा आरपार गेली की तिची कमान होते, कमानीचं छत कोसळलं की पाण्यात एकटा उरतो तो स्तंभ. कुमुद एकतीस वर्षं दिल्लीच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत होती. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी सहावी-सातवीची पोरं शिकवणीला यायची, आणि मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलेला असायचो. गुहा, कमान, स्तंभ. पुळण, खाजण, वाळूचा दांडा. मुलांचं पाठ व्हायच्या आधी माझं पाठ झालं. त्या पोरांनी खाजण पाहिलं नव्हतं, बाईंनीही पाहिलं नव्हतं. कुमुद ग्वाल्हेरची. मी दिल्लीतच जन्मलेला. तिकडे नकाशांच्या ऑफिसात मी समुद्राचा तळ काढायचो आणि इकडे घरी ती समुद्राचा काठ शिकवायची. दोन माणसांचं घर समुद्रावर चाललं होतं आणि दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. ह्याची आम्हाला लाज वाटत नसे. आमच्या शाखेत अकरा ड्राफ्ट्समन होते, भिवानीपासून बस्तीपर्यंतचे, आणि त्यांतल्या एकानेच समुद्र पाहिला होता. त्याला तो आवडला नव्हता. "बहुत हिलता है," तो म्हणाला होता.

आमच्या शाखेतला समुद्र हलत नसे. त्याला फक्त खोली होती. जहाज एका सरळ रेषेत जायचं, थोड्या थोड्या अंतरावर खोली मोजायचं, आणि ते आकडे आमच्याकडे यायचे: तेहेतीसशे ऐंशी, तेहेतीसशे नव्वद, चौतीसशे. पुढची रेषा वीस-पंचवीस किलोमीटर पलीकडे. दोन रेषांच्या मधे काय आहे ते जहाजालाही माहीत नाही आणि देवालाही कोणी विचारलेलं नाही. तिथे आम्ही होतो. सारख्या खोलीचे आकडे रेघेने जोडत जायचे, आणि मधल्या कोऱ्या जागेतून ती रेघ अशी न्यायची की ती जाऊन आल्यासारखी वाटावी. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचे, डेझर्ट कूलर घुरघुरत पाणी सांडायचा, आणि त्या ओल्या अंधारात टेबलावरच्या दिव्याखाली अकरा माणसं महासागराच्या तळावर पोटावर पडल्यासारखी वाकलेली असायची. दुपारी तीनला चहा आला की सगळे एकदम वर यायचे. आमचे हेड ड्राफ्ट्समन भाऊसाहेब, जाड काचेचा चष्मा आणि खिशात स्वतःचं भिंग, ह्यांचा एकच नियम होता. ते म्हणत, "विश्वास, जिथे माहिती नाही तिथे सपाट काढायचं. सपाट काढणाऱ्याला नोकरीत कोणी काही विचारत नाही." बत्तीस वर्षं मी सपाट काढलं. भूखंड मंच सौम्य उताराचा, त्याच्या पुढे खंडान्त उतार एकदम तीव्र, आणि मग सागरी मैदान. पृथ्वीवर त्याच्याइतकं सपाट काही नाही. वरून मेलेल्या सूक्ष्म जीवांची टरफलं गळत राहतात, भुकटीसारखी, न थांबता. हजार वर्षांत बोटभरही थर होत नाही. खाली जे काही उंचसखल असेल ते हळूहळू त्याखाली जातं. कुमुद रोज कठडा पुसते तेव्हा मला कधीकधी तिला सांगावंसं वाटतं की खाली कोणी पुसत नाही. पण मग ती मलाच फडकं देईल.

बत्तीस वर्षांत एकदाच मी सपाट काढलं नाही.

ती टेकडी मी का काढली हे दोन माणसांना माहीत होतं. एक मी. दुसरे भाऊसाहेब, आणि ते जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. कुमुदला माहीत नव्हतं. मंगळवारी दुपारी जेवताना, बुधवारी मदर डेअरीच्या रांगेत, गुरुवारी वल्लरीचा, आमच्या मुलीचा, गुडगावहून फोन आला तेव्हा, मी तिला सांगायचं ठरवत होतो. प्रत्येक वेळी वाक्य तोंडापर्यंत यायचं आणि फुटायचं. लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय तळाला अडखळतो आणि डोकं पुढे जाऊन पडतं, तेच. "काय हो, काही म्हणालात?" कुमुद विचारायची. "काही नाही. मीठ." मिठाचा डबा माझ्यासमोरच असायचा. ती तो उचलून आणखी इंचभर जवळ ठेवायची. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यालाच उत्तर म्हणतात.

अठ्ठ्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये, सोळा तारखेला, आम्हाला मुलगा झाला. कुमुदची मावशी हिंदूराव हॉस्पिटलात नर्स होती म्हणून बाळंतपण तिथे. हिंदूराव नावाचे गृहस्थही मूळचे ग्वाल्हेरहून आलेले, हे कुमुद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, त्यांना गाडीत हिनेच बसवून दिल्यासारखं. टेकाडावरचं ते हॉस्पिटल, खिडकीबाहेर झाडी, माकडं. माकडांनी दोनदा केळी नेली. तिसऱ्या दिवशी मूल आणि आई घरी आली. बाराव्या दिवशी, शनिवारी, बारसं. ग्वाल्हेरहून माझी मेहुणी निघणार होती, पाळणा शेजारच्या नायर मंडळींकडून आणला होता, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालायचे होते. नाव कुमुदने ठरवलं होतं आणि ते ती मला सांगायला तयार नव्हती. "आत्या कानात सांगेल तेव्हा कळेल," ती म्हणायची. "तुम्हाला आधी सांगितलं तर तुम्ही ऑफिसात सगळ्यांना सांगाल आणि मग त्या बिचारीने काय सांगायचं?" मी दहा-बारा नावं घेऊन पाहिली. ती नुसती हसायची आणि बाळाकडे बघून म्हणायची, "ऐकतोस ना, बाबा किती लांब आहेत ते." अकराव्या दिवशी पहाटे बाळ श्वास घ्यायचं थांबलं. कोणाची चूक नव्हती. असं डॉक्टरांनी सांगितलं, मावशीनेही सांगितलं, आणि ते खरं होतं. कोणाची तरी चूक असती तर बरं झालं असतं, इतकं ते खरं होतं.

इतक्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत. पुरतात. मी, भाऊसाहेब, नायर आणि आणखी एक शेजारी यमुनेच्या काठी गेलो. टॅक्सीत बाळ माझ्या मांडीवर होतं आणि भाऊसाहेबांनी वाटेत एकदा त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. पावसाळा होता, नदी फुगलेली, पण पाण्यापासून बऱ्याच वर ओलसर वाळूचा पट्टा होता. तिथे एका माणसाने फावड्याने खड्डा केला. वाळू आत घसरत राहिली. तो पुन्हा काढायचा, ती पुन्हा घसरायची. नंतर मी तिथे एक दगड ठेवला आणि समोरच्या काठावरचं एक झाड, मागचा पुलाचा खांब, अशा दोन खुणा मोठ्याने म्हणत जागा डोक्यात बसवली. नकाशे काढणाऱ्या माणसाला एवढं जमायला हवं. घरी आल्यावर कुमुदने विचारलं, "कुठे?" मी म्हणालो, "नदीकाठी. जागा चांगली आहे." जणू प्लॉट पाहून आलो होतो. ती म्हणाली, "बरी झाले की मला दाखवा." मी म्हणालो, "दाखवतो." सप्टेंबरात पूर आला. तो ओसरल्यावर मी गेलो. झाड होतं, खांब होता, दोन्ही खुणा बरोबर जुळत होत्या, आणि जिथे त्या जुळत होत्या तिथून पाणी वाहत होतं. मी बराच वेळ दोन्हीकडे बघून मोजत राहिलो. कुमुदने नंतर कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जागा आहे असं आमच्या घरात धरलेलं होतं.

पण टेकडी मी पुराआधीच काढली. ह्याचा अर्थ मला आजही नीट लावता येत नाही. बहुतेक वाळू घसरताना पाहिली तेव्हाच मला पुढचं दिसलं असावं. शनिवारी बारसं व्हायचं ते झालं नाही. सोमवारी, एकोणतीस ऑगस्टला, मी रजेचा अर्ज द्यायला ऑफिसात गेलो आणि सवयीने टेबलाशी बसलो. पुढ्यात एक्केचाळीस नंबरची शीट होती. दोन रेषा, मधे कोरी जागा, खोली चौतीसशे मीटर. कूलर चालू होता. त्या महिन्यात कुमुद दिवस भरलेले असतानाही पोरांची शिकवणी घेत होती आणि लाट समजावून सांगायला तिने कणकेची परात पाण्याने भरली होती. त्यात एक तुळशीचं पान सोडलं आणि काठावर बोट आपटलं. "पान पुढे गेलं का?" "नाही बाई." "मग पुढे काय गेलं?" पोरं गप्प. "पाणी जागच्या जागी वरखाली होतं. पुढे जातं ते फक्त हलणं." आणि मग तिने सांगितलं की हे हलणंही फार खोल जात नाही. एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्यापर्यंत. त्याखालच्या पाण्याला वर काय चाललंय ते कळत नाही. कितीही मोठं वादळ असो. मी तोंडावरच्या वर्तमानपत्राखाली ते ऐकलं होतं. आता मी बारीक टाकाचा पेन शाईत बुडवला आणि चौतीसशे मीटर खोलीवर, जिथे कुठलीच लाट कधी पोचणार नाही तिथे, एक बंद रेघ काढली. तिच्या आत दुसरी. तिच्या आत तिसरी, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. वीस वीस मीटरच्या तीन रेघा, साठ मीटर उंचीची टेकडी. हात अजिबात हलला नाही. इतकी स्वच्छ रेघ मी आयुष्यात पुन्हा काढली नाही. शीट तपासायला भाऊसाहेबांकडे गेली. त्यांनी खिशातून भिंग काढलं, कोऱ्या जागेवर आले, थांबले. भिंग बराच वेळ तिथेच होतं. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं, चष्मा काढून रुमालाने पुसला, परत लावला, आणि कोपऱ्यात लिहिलं: तपासले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी जा आता." सपाट काढायला सांगणाऱ्या माणसाने नोकरीत केलेला हा एकमेव गुन्हा असावा. त्या टेकडीने कोणाचं काही वाकडं केलं नाही. तिच्या माथ्यावर तेहेतीसशे चाळीस मीटर पाणी होतं. जहाजं वरून गेली, मासे मधून गेले, आणि छत्तीस वर्षं ती सरकारी नकाशात राहिली. मला रात्रीची झोप लागायला कधी त्रास झाला नाही, कारण मला जागा माहीत होती. अमुक अक्षांश, अमुक रेखांश. कुमुदची झोप कशी होती हे मी कधी विचारलं नव्हतं, हे मात्र ह्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं.

शनिवारी सकाळी धुरकं नेहमीपेक्षा दाट होतं. समोरचा टॉवर बी अर्धा गेला होता, टॉवर सी असल्याचं आम्ही अंदाजाने धरलं होतं. साडेअकराला बेल वाजली. नीरजा सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पाठीवर बॅग, तोंडावर मास्क, हातात टॅब. मास्क काढून तिने आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, सॉरी हां, सरांना संडे-सॅटर्डे त्रास देते आहे. क्या करें, सोमवारी रिपोर्ट जायचाय."

"हयातीचा दाखला घरी येऊन घेतात हल्ली?" कुमुदने माझ्याकडे बघत विचारलं.

"कसला दाखला?" नीरजा म्हणाली.

"बसा तुम्ही दोघी," मी म्हणालो. "मी पाणी आणतो."

मी पाणी घेऊन आलो तेव्हा टॅब कुमुदच्या मांडीवर होता. बाईंनी वर्ग ताब्यात घेतला होता. "हे निळं म्हणजे खोल. हे हिरवं काय?" "काकू, उथळ. हा भूखंड मंच. मग हा असा एकदम ड्रॉप." "खंडान्त उतार म्हण. मराठी शाळेत होतीस का?" "नाही काकू, इथेच, केंद्रीय विद्यालय. घरी मराठी, पण हे शब्द... बिल्कुल नाही." "हरकत नाही. मग हे सपाट ते सागरी मैदान. आणि हे काय दाखवतेस?" नीरजाने बोटाने चित्र मोठं केलं. रंगीत तळ बाजूला सरकला आणि त्याखालून माझी जुनी शीट वर आली, पिवळी पडलेली, कोपऱ्यात दुमडल्याची खूण. "ही सरांची टेकडी. आणि हा नवा सर्व्हे. बघा, सेम जागा. काही नाही." ती एकदा शीट दाखवत होती, एकदा तळ. टेकडी, सपाट. टेकडी, सपाट. मी ग्लास हातात घेऊन उभा होतो.

कुमुदने चष्मा वर केला आणि टॅब तोंडाजवळ नेला. ती टेकडीकडे बघत नव्हती. पेपर तपासणाऱ्या माणसाची नजर आधी कोपऱ्यात जाते, नाव आणि तारीख. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती आणि त्याखाली: २९ ऑगस्ट १९८८. तपासले.

"तुम्ही अर्ज द्यायला गेला होतात," ती म्हणाली.

"हो."

"पाच वाजले होते यायला."

"हो."

"मी समजत होते नदीवर गेलात." तिने टॅब मांडीवर ठेवला. "केवढी आहे?"

"साठ मीटर."

"अकरा दिवसांच्या जिवाला साठ मीटर," ती म्हणाली. नीरजाने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास माझ्या हातातून स्वतःच घेतला. कुमुदचा आवाज नेहमीचाच होता, चौथ्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसा. "पाण्याखाली कशाला?"

"तिथे लाट पोचत नाही."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. परातीत."

बाहेर टॉवर सीच्या जागी नुसतं पांढरं होतं. मग ती म्हणाली, "नदीकाठची जागा राहिली नाही, हे मला माहीत होतं. दसऱ्याच्या सुट्टीत मी बसने गेले होते. नायरबाईंनी खुणा विचारून ठेवल्या होत्या त्यांच्या ह्यांना. झाड आणि खांब. तुम्हाला वाटत होतं जागा आहे, म्हणून बोलले नाही."

छत्तीस वर्षं आम्ही एकमेकांसाठी ती वाळू जागेवर धरून ठेवली होती. मी खुर्ची ओढून बसलो, कारण फरशी परत सरकायला लागली होती, आणि ह्या वेळी ती सरकतच राहिली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नीरजा टॅब उचलायला पुढे झाली. "सर, मी नंतर येते," ती हळू म्हणाली. "मला माहीत नव्हतं. मी याला ठेवू पण शकते. एक ऑप्शन आहे, 'अस्तित्व शंकास्पद' असा शेरा मारायचा. मग काढावं लागत नाही. पडून राहतं नकाशात."

"शंकास्पद नको," कुमुद म्हणाली. "नाही तिथे नाही. काढ ते. बरोबर काय ते दाखव." मग माझ्याकडे वळून, "चालेल ना?"

मला वाटलं होतं मी नाही म्हणेन. आठवडाभर मी नाही म्हणायची तयारी केली होती. मी म्हणालो, "चालेल."

नीरजाने फॉर्म उघडला आणि तिचा चेहरा पडला. आपलं सरकार माणसाला फार वेळ दुःखात राहू देत नाही. "सर, एक प्रॉब्लेम आहे," ती म्हणाली. "टेकडी कागदावर आहे, सिस्टममध्ये नाही. आणि सिस्टममध्ये नसलेली वस्तू डिलीट होत नाही. तर आधी ती ॲड करावी लागेल. मग डिलीट."

"म्हणजे नसलेली टेकडी आधी रीतसर आणायची, आणि मग न्यायची," मी म्हणालो.

"हो. आणि नावाशिवाय ॲड होत नाही. बाकी शीटवर अशा सहा निघाल्या, त्यांना मी 'अनामिक एक', 'अनामिक दोन' असं लिहिलंय. तुमची 'अनामिक सात' होईल. लिहू?"

"सात नाही," कुमुद म्हणाली. "नाव आहे."

माझा डावा कान दहा वर्षांपासून कामाचा नाही. कुमुद उठली, माझ्या खुर्चीला वळसा घालून उजव्या बाजूला आली, वाकली, आणि कानाला जवळजवळ ओठ लावून तिने ते सांगितलं. आत्या सांगते तसं, बाकी कोणाला ऐकू जाणार नाही असं. तिच्या श्वासाला सकाळच्या फोडणीतल्या मेथीचा वास होता. त्या वेळी मी घेऊन पाहिलेल्या दहा-बारा नावांत हे नव्हतं. मी फार लांब होतो.

"काय नाव, काकू?" नीरजाने विचारलं. कुमुदने माझ्याकडे पाहिलं. कानात सांगून झालं की मग मोठ्याने सांगतात. ते काम आता माझ्याकडे होतं.

"निहार," मी म्हणालो.

नीरजाने लिहिलं. कारणाच्या रकान्यात गणनेतली चूक, छपाईतली चूक आणि इतर असे तीन पर्याय होते. तिने न विचारता 'इतर' निवडलं. टॅबने क्षणभर विचार केला आणि सांगितलं: नोंद झाली. तिथे, त्या रंगीत मैदानात, एक लहानसा ठिपका उगवला आणि त्याच्याशेजारी नाव. ती टेकडी आता तिथे नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याच दुपारी ती काढली, बटण कुमुदने दाबलं, आणि एक्केचाळीस नंबरची शीट आज चोख सपाट आहे, भाऊसाहेबांना आवडली असती अशी. पण ते नंतर. आत्ता नीरजाचं बोट बटणावर होतं आणि कुमुद म्हणाली, "थांब. घुगऱ्या नाहीत घरात, पण चहा तरी घे."

ती आत गेली. आलं कुटल्याचा आवाज आला, बराच वेळ, तिघांच्या चहाला लागतं त्याच्या दुप्पट. टॅब टीपॉयवर उघडा होता. मध्येच त्याची स्क्रीन अंधारायला लागली तेव्हा नीरजाने बोट लावून ती जागी केली; नंतर दर थोड्या वेळाने ती बोट लावत राहिली, पाळण्याला लावतात तसं, सवयीने, बघता न बघता. चहा आला. आम्ही तो सावकाश प्यायलो. कुमुदने तिला मावशी कुठल्या सेक्टरला राहते ते विचारलं, मी धुरक्याबद्दल काहीतरी म्हणालो. नीरजाचा फोन दोनदा वाजला. तिने तो उलटा ठेवला. तिचा कप रिकामा झाल्याचं आम्हा तिघांनाही दिसत होतं. कुमुदने किटली उचलली आणि विचारलं, "अजून घोटभर?"

नीरजाने कप पुढे केला.